किडनी मागायची म्हणजे कुणाचं मरण मागायचं का?

सलाम मावशी,

माझे यजमान 47 वर्षांचे आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. मला साखर असल्यामुळे माझी किडनी चालली नाही, सासूबाई थकलेल्या. म्हणून पुण्याच्या हॉस्पिटलमधून, मेंदू मृत झालेल्या दात्याची किडनी मिळावी म्हणून, प्रतीक्षा यादीत नाव लावलं. मागे एकदा रात्री फोन आला. धावतपळत पोचलो, तर पहाटे सांगितलं, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला, घरी जा. तेव्हापासून चुलत भाऊजी (ते घरी प्रार्थनासभा घेतात) म्हणतात, देवानंच नाही म्हटलं. यादी सोडा, मशीन सोडा, उपास धरा, विश्वासानं बरे व्हाल. यांनी गेल्या आठवड्यात एक डायलिसिस चुकवलं. आणि माझं वेगळंच. गुडघे टेकले की वाटतं, किडनी मिळू दे म्हणजे कुणाचा तरी मुलगा जाऊ दे. प्रार्थनाच बंद पडलीय.

एक भगिनी, अहिल्यानगर

पोरी, सलाम.

आधी डायलिसिसचं बोलते. तुझ्या बाकीच्या प्रश्नांना सवड आहे, याला नाही. एक पाळी चुकली तरी रक्तातलं पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदय काही सूचना न देता थांबतं. केळी, नारळपाणी बंद करायला लावतात ते त्याचसाठी. पुन्हा चुकलं तर त्याच दिवशी युनिटला फोन करून लगेचची वेळ मागून घे. दम लागला, हातापायांतलं बळ गेलं, तर फोनही करत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ. यात भाऊजींचं मत घ्यायचं कारण नाही.

त्यांना शास्त्रातूनच उत्तर हवं असेल तर तेही आहे. निरोग्यांना वैद्याची गरज नाही, दुखणाइतांना आहे, हे प्रभूचेच शब्द. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं, तेव्हा पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. 'तुझा विश्वास कमी पडतोय' असं त्याला लिहिलं नाही. आणि आपल्या देशातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं कुठे? 1971 मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. आयडा स्कडर या मिशनरी बाईंनी 1900 मध्ये एका खाटेच्या दवाखान्यापासून उभी केलेली ही संस्था. तिथल्या लोकांना प्रार्थना करून ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्यात काही अविश्वास दिसला नाही. मला अशा घरगुती संदेष्ट्यांचा राग येतो, लपवत नाही. दुसऱ्याचा जीव पणाला लावून आपला विश्वास दाखवायला यांचं काय जातं?

आता त्या रात्रीचं. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह म्हणजे त्या दात्याच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी तुझ्या यजमानांच्या रक्तात आधीच होत्या. पूर्वी रक्त चढवलेलं असलं तरी त्या तयार होतात. ती किडनी तशीच बसवली असती तर शरीरानं ती काही तासांतही निकामी केली असती. म्हणून एका किडनीसाठी एकाहून जास्त जणांना बोलावून ठेवतात; एकाला मिळते, बाकीचे परततात. परत आल्यानं यादीतलं नाव जात नाही. आणि हा देवाचा नकार असेल, तर ज्याला ती किडनी मिळाली त्याला देवानं होकार दिला म्हणायचं ना? तोही यादीतूनच आला होता. भाऊजींना एवढं विचारून बघ.

तुझा खरा प्रश्न मात्र भाऊजींचा नाही, तुझा आहे. कुणी हेल्मेटशिवाय दुचाकीवरून पडतो, कुणाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. तुझ्या यजमानांचं नाव यादीत नसतं तरी हे घडलंच असतं. मग चार डॉक्टरांची समिती किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासते, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या समितीत नसतात. मेंदू मृत झाल्याची खात्री झाल्यावरच अवयव देण्यासाठी घरच्यांची संमती घेतात. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या त्या आईला समोरचे काय सांगताहेत हेसुद्धा धड उमगत नसतं. तू तिच्यासाठी प्रार्थना कर. तिचा मुलगा वाचावा अशीच कर, हातचं राखू नकोस. आणि तो वाचणारच नसेल, तर तिला हो म्हणायचं बळ मिळावं, अशी कर. त्याच प्रार्थनेत यजमानांचं नाव घेतलंस तर ते पाप नाही. तुझी प्रार्थना कुणाला मारत नाही.

अपराधीपणा यानं साफ धुऊन जाईल असं मी म्हणत नाही. किडनी मिळाल्यावरही थोडा उरतो. शिवाय नियमानं दात्याचं नाव कळवत नाहीत, त्यामुळे जाऊन पाया पडावं म्हटलं तरी दार सापडत नाही.

शब्दच फुटत नसतील तर स्तोत्रसंहिता उघड. तेरावं स्तोत्र 'कोठवर' असं विचारतच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारावरच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तेही पवित्र शास्त्रातच आहे. नुसतं वाच, वर स्वतःची भर घालायची गरज नाही.

बाकीची प्रार्थना मंडळीला करू दे, पण हातपाय हलवून. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती आठव. त्याच्या चौघा माणसांनी छप्पर उसकून त्याला खाली सोडलं, आणि येशूनं विश्वास पाहिला तो त्यांचा. तुझ्या पाळकसाहेबांना भेटून अशी चार माणसं माग. रात्री दोनला फोन आला तर पुण्याला गाडी काढणारा एक. डायलिसिसला आळीपाळीनं सोबत बसणारे दोघे. भाऊजींच्या बोलण्यानं यजमान डगमगले तर हेच दोघे त्यांना युनिटपर्यंत नेतील. आणि तुम्ही दोघं गेल्यावर सासूबाईंपाशी थांबणारी एक बाई. हॉस्पिटलमधल्या प्रत्यारोपणाच्या कोऑर्डिनेटरकडे तुझ्या नंबरासोबत गाडीवाल्याचाही नंबर देऊन ठेव. फोन लागला नाही म्हणून संधी जायला नको.

तुझ्या स्वतःच्या साखरेबद्दल पत्रात एवढंच आहे की त्यामुळे किडनी देता आली नाही. शेवटची कधी तपासलीस, गोळ्या वेळेवर घेतेस का, हे पुढच्या पत्रात कळव.

मावशी