अडेनिया ग्लोबोसाचा बुंधा पावसाळ्यात मऊ का पडतो?

डोंबिवलीच्या बाल्कनीतल्या अडेनिया ग्लोबोसाचा, म्हणजे त्या काटेरी आफ्रिकी झाडाचा, गोळ्यासारखा फुगलेला बुंधा जुलैत मऊ पडतोय, पाणी कमी पडत असेल का, असं तुम्ही विचारलंय. आधी बोटाने दाबून बघा. सुरकुतलेला पण घट्ट असेल तर तहान. बोट आत जात असेल तर कूज, आणि जुलैत बहुतेक तीच. पाणी बंद करा, कुंडी घरात खिडकीपाशी आणा. कुजका भाग स्वच्छ सुरीने निरोगी गर लागेपर्यंत कापा आणि जखम पूर्ण सुकल्याशिवाय मातीत लावू नका. हातमोजे घाला. काटे तर आहेतच, शिवाय रस विषारी असतो.

मी नैरोबीत राहतो. हे झाड पहिल्यांदा पाहिलं ते इथेच केनियात, त्सावोच्या जंगलाच्या बाजूला, वोई गावाजवळ. लाल माती, वाळकी काटेरी झुडपं आणि त्यांच्या खाली खडबडीत हिरवा गोळा. मला तो शेवाळलेला दगडच वाटला, मग त्यातून निघालेल्या काटेरी फांद्या दिसल्या. पानं बारीक, तीही लवकर गळतात, त्यामुळे अन्न तयार करण्याचं काम हिरवी सालच करते. आणि कूळ कुठलं, तर आपल्या कृष्णकमळाचं!

तिकडे पाऊस दोनदा येतो. एकदा मार्च ते मे, पुन्हा ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. जून ते सप्टेंबर कोरडे, म्हणजे नेमके तुमचे पावसाळ्याचे महिने हे त्याचे विश्रांतीचे महिने. पावसाचं त्याला वावडं नाही. सर जोरात येते, पण पाणी झिरपून जातं आणि लगेच कडक ऊन पडतं. ते ऊन डोंबिवलीच्या जुलैत कुठून आणणार?

माझंही एक झाड असंच गेलं. नैरोबी साधारण १,८०० मीटर उंचीवर, जुलैच्या रात्री चांगल्याच गार. त्या गारठ्यात मी दर रविवारी पाणी घालत राहिलो. बीपासून सहा वर्षं वाढवलेलं रोप होतं, अजून हळहळ वाटते.

तेव्हा जून ते सप्टेंबर छपराखाली आणि जवळजवळ कोरडं ठेवा. ऑक्टोबरचा उष्मा सुरू झाला की भरपूर पाणी द्या, माती पूर्ण वाळली की पुन्हा. कुंडीत निम्म्याहून जास्त मुरूम किंवा विटांचे बारीक तुकडे हवेत, गोळा मातीच्या वरच राहू दे.

हे झाड वाचलं नाही आणि नवं घ्यायचं झालं, तर बीपासून वाढवलेलं लहान रोप घ्या. मोठा गोळा, खरचटलेली साल, तुटकी मुळं असा फोटो दिसला तर ते रानातून उपटलेलं असण्याची शक्यता फार. कृपा करून ते घेऊ नका.