रिदम गिटार म्हणजे ‘साथ’ का?

स्कॉर्पियन्स या जर्मन रॉक बँडवर मराठीत लिहिताना लीड गिटार वाजवणाऱ्याला ‘प्रमुख गिटारवादक’ आणि रिदम, म्हणजे गाण्याला लय आणि आधार देणारी गिटार, वाजवणाऱ्या रुडॉल्फ शेंकरला ‘साथीचा गिटारवादक’ म्हणावं का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत.

‘साथ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मैफल येते. गायक मध्ये, तबला-पेटीवाले बाजूला, आणि त्यांनी गायकाचा कल बघून वाजवायचं. रुडॉल्फचं तसं नाही. १९६५ मध्ये हानोव्हरला बँड काढला तो त्यानेच, आणि बँडच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांच्या चालीही त्याच्याच. १९८४ चं ‘रॉक यू लाइक अ हरिकेन’ ऐका. सुरुवातीचा तो दणदणीत रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) म्हणजेच रिदम गिटार. गायक क्लाउस माइनाचा आवाज आणि माथियास याप्सची लीड, दोन्ही त्याच्या आधाराने चालतात. उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीपाशी) तारांवर टेकवून आवाज दाबायचा आणि नेमक्या क्षणी हात उचलून कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर) मोकळी सोडायची, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. मेटल या रॉकच्या जड प्रकारात तर पुष्कळदा गाणं सुचतं तेच रिफपासून.

‘प्रमुख’चा घोटाळा वेगळा. तो शब्द हुद्दा सांगतो. ‘लीड’ काम सांगतं, म्हणजे सोलो आणि गाण्यातल्या सुरावटी वाजवणं. स्कॉर्पियन्समध्ये आधी लीड वाजवणारा रुडॉल्फचा धाकटा भाऊ मायकेल १९७३ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, यूएफओ या इंग्लिश बँडमध्ये गेला. मग त्याच्या जागी उली जॉन रोट आला, तो १९७८ मध्ये बाहेर पडला आणि त्याच सुमारास याप्स आला. आता हे प्रश्नातल्या शब्दांत लिहून बघा: प्रमुख बदलत राहिले, साथीदार मात्र कायम! वाचणाऱ्याला काय कळणार?

‘ताल गिटार’ही नको. ताल म्हटलं की आपल्याला मात्रा, सम, आवर्तन आठवतं. इथे तर कॉर्डही वाजत असतात. सरळ ‘लीड गिटार’, ‘रिदम गिटार’ लिहावं, वाचकांना ते कळतं. ‘सोलो’साठी ‘एकलवादन’ चालेल, पण बोलताना कोणी तसं म्हणत नाही.

हॅम्बुर्गच्या हॅलोवीन या बँडमध्ये काय हानसेन आणि मिखाएल वाइकाट एकच सुरावट एकमेकांशी जुळणाऱ्या वेगवेगळ्या सुरांवरून जोडीने वाजवत. त्याला ‘जुगलबंदी’ म्हणण्याचा मोह होतो. पण जुगलबंदीत एकमेकांना उत्तर देणं आलं, इथे सगळं आधी बसवलेलं असतं. ‘जोड-लीड’ मला बरा वाटतो.

बर्लिनच्या रामस्टाइन या बँडमध्ये रिशार्ड क्रुस्पेला लीड आणि पाउल लांडर्सला रिदम म्हणतात खरं, पण त्यांच्या गाण्यांत सोलो क्वचितच सापडतो. तिथे दोघांनाही नुसतं ‘गिटारवादक’ लिहिलं तरी पुरे.