एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, बी.कॉम. अर्धवट राहिलंय, कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) लिबरल आर्ट्स (भाषा, इतिहास, समाजशास्त्र असे मिश्र विषय) घेऊ का? खर्च किती, पुढे उपयोग काय?

घ्या ना, पण पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर व्हायचं डोक्यात ठेवूनच घ्या. नुसत्या दोन वर्षांच्या लिबरल आर्ट्सच्या डिग्रीला इथे कोणी फारसं विचारत नाही. मीपण एस.वाय.ला असताना लग्न करून आले, सेम केस.

खर्चाचं म्हणाल तर राज्याचे रहिवासी ठरलात की ४६ डॉलर एका युनिटला (युनिट म्हणजे विषयाच्या तासांचं माप), म्हणजे तीन युनिटचा विषय १३८ला आणि ६० युनिटची अख्खी डिग्री २,७६० डॉलरला. वर पुस्तकं, पार्किंग, हेल्थ फी, असलं किरकोळ. एच-४ वाल्यांना रहिवासी धरतात, पण आधी वर्षभर तिथे राहिल्याचे कागद लागतात, लीज, बँक स्टेटमेंट वगैरे, ते जपून ठेवा. कोणी पुण्याहून एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येऊ म्हणत असेल तर त्याचा हिशोबच वेगळा, त्याला त्याच युनिटला तीनशे-चारशे डॉलर पडतील.

दोन वर्षांची डिग्री मला चार वर्षं लागली, मुलगा लहान होता, टर्मला दोनच विषय झेपायचे. इंग्लिशच्या पहिल्या निबंधात मी आपलं शाळेतल्यासारखं 'मानवी जीवनात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे' टाईप सुरुवात केली, तर बाईंनी समासात फक्त लिहिलं, 'कोण म्हणतं?' आणि खाली अजून तीन ठिकाणी तेच! राग आला खरा, पण पुरावा दिल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही हे मी तिथे शिकले, आख्ख्या बारावीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं. संध्याकाळच्या वर्गात बाजूला पन्नाशीचा ट्रक ड्रायव्हर बसायचा, तो माझ्याकडून स्टॅट्स समजून घ्यायचा आणि मी त्याच्याकडून अमेरिकन हिस्ट्री.

माझं चुकलं एका ठिकाणी. कॉलेजातल्या काउन्सेलरने सांगितलं सोशल सायन्सचा कुठलाही विषय चालेल, मी विश्वासाने दोन घेतले, आणि ट्रान्स्फरच्या वेळी कळलं की सोशिऑलॉजीच्या मेजरला (मुख्य विषयाला) ते धरतच नाहीत. २७६ डॉलर आणि एक टर्म पाण्यात. असिस्ट डॉट ऑर्ग नावाची अधिकृत साइट आहे, कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या युनिव्हर्सिटीत धरतात ते त्यात दिसतं, विषय घ्यायच्या आधी तिथे स्वतः बघा. शिवाय साध्या एए, म्हणजे दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीऐवजी 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर' घेतलीत तर कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, तिचे बरेच कॅम्पस आहेत) कुठेतरी सीट नक्की मिळते, हवा तोच कॅम्पस मिळेल असं नाही. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, सहा कॅम्पसना टॅग नावाची ॲडमिशनची हमी आहे, डेव्हिस, अर्व्हाइन वगैरे, पण बर्कली आणि यूसीएलए त्यात नाहीत.

मी कॅल स्टेटला गेले, तिथली ट्यूशन आता वर्षाला सहा हजारांच्या वर आहे, बी.ए. झालं. नोकरी मात्र डिग्रीने लगेच नाही मिळाली, नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) अप्रूव्ह होऊन माझं ईएडी (नोकरीचा परवाना) आलं तेव्हा मिळाली, आता शाळेत फॅमिली लिएझन (शाळा आणि पालकांमधला दुवा) आहे. त्यामुळे ते कागद कुठवर आलेत ते आधी नवऱ्याला विचारा.

आणि हो, विषय फुल दिसला तरी वेटलिस्टवर नाव टाकून पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. स्टॅट्सला माझा नंबर चौथा होता, पाच जण आलेच नाहीत.