नियम लिहिला तरी यूट्यूब चालूच!

प्रश्न: आमच्या हायस्कूलच्या लॅबमध्ये उबुंटूवर स्क्विड हा प्रॉक्सी (मशीन आणि नेटच्या मधे बसून प्रत्येक मागणी तपासणारा प्रोग्राम) बसवलाय, सगळ्या मशीनना नेट त्या प्रॉक्सीतूनच मिळतं. शाळेच्या वेळात यूट्यूब बंद राहावं म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये नियम लिहिला, सर्व्हिस रिस्टार्ट केली, तरी मुलं बिनधास्त व्हिडिओ बघतायत. एरर काहीच नाही. मधे एकदा वेळेची ओळ वेगळी काढून बघितली तर सगळं नेटच गेलं. फाइलचा तेवढा भाग सोबत पाठवलाय.
(एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर: सर, फाइल पाठवलीत ते फार बरं केलंत, नाहीतर नुसता अंदाजच बांधावा लागला असता. तुमची ओळ चुकीची नाहीये, तिची जागा चुकलीये. स्क्विड परवानगी-नकाराच्या, म्हणजे एचटीटीपी अ‍ॅक्सेसच्या ओळी वरून खाली वाचतं आणि जी पहिली लागू पडेल तिच्यावरच निकाल देऊन मोकळं होतं, खालचं बघतच नाही. तुमच्याकडे 'अलाव लोकलनेट' (लॅबच्या नेटवर्कला परवानगी) वर आहे आणि यूट्यूबचं 'डिनाय' (नकार) त्याच्या खाली, लॅबमधलं प्रत्येक मशीन लोकलनेटमधलंच, मग त्याला वरच परवानगी मिळाली की. डिनायची ओळ उचलून अलावच्या वर टाका. सगळ्यात शेवटचं 'डिनाय ऑल' मात्र हलवू नका.

आता नेट का गेलं ते. 'तास' हे तुमच्या फाइलमधलं शाळेच्या वेळेचं नाव. एकाच ओळीत 'डिनाय यूट्यूब तास' लिहिलं तर दोन्ही गोष्टी जुळल्या तरच अडवतं, यूट्यूब पण हवं आणि तासाची वेळ पण. तुम्ही 'डिनाय तास' वेगळी ओळ केलीत, म्हणजे त्या वेळात जे काही मागाल ते बंद!

अजून एक, तुमच्या लक्षात आलं नसेल. शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी तुम्ही वाराचं अक्षर म्हणून 'एस' लिहिलंय, पण स्क्विडमध्ये एस म्हणजे रविवार, शनिवारला 'ए' आणि गुरुवारला 'एच'. म्हणजे तुमचा शनिवारचा नियम शाळा बंद असताना चालतोय. 'तास' याच नावाने दोन ओळी लिहा, एक सोमवार ते शुक्रवार, एक शनिवारची, दोन्हीतली कुठलीही जुळली तरी चालतं. डोमेन लिहिताना आधी टिंब द्या, '.यूट्यूब.कॉम', म्हणजे मोबाइलवाला पत्ताही त्यातच येतो.

माझं मत विचाराल तर शिक्षकांना यूट्यूब बंद करू नका हो, विज्ञानाचे प्रयोग दाखवायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, तेव्हा शिक्षकांच्या मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) फिक्स करून त्याला अलाव द्या, आणि ती ओळ डिनायच्याही वर.

बदल केल्यावर आधी 'स्क्विड -के पार्स' चालवा (फाइलमधल्या चुका कळतात), मग 'स्क्विड -के रीकॉन्फिगर' (नवी फाइल लागू होते), दर वेळी रिस्टार्ट लागत नाही. आणि तपासताना ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, कारण आधीच जोडलेलं कनेक्शन वेळ सुरू झाली म्हणून तुटत नाही, चालू व्हिडिओ चालूच राहू शकतो. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये यूट्यूबच्या पत्त्यापुढे 'टीसीपी डिनाइड 403' (म्हणजे मागणी नाकारली) दिसलं की काम झालं.