फाईल बंद झाली, पण नाव अजून दिसतंय

चार्जशीट झालीच नाही तरी पोलिसांच्या नोंदीतलं आपलं नाव लोकांना बघता येतं का, आणि किती दिवस, हा प्रश्न घेऊन नाशिकमधूनच माझ्याकडे समुपदेशनाला बरेच जण येतात. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

सिडकोतला मुलगा, तिशीच्या आतला, अंबडला एका कंपनीत स्टोअरला होता. माल कमी भरला म्हणून कंपनीने फिर्याद दिली, स्टोअरच्या तिघांची नावं संशयित म्हणून आली. चौकशी झाली, जबाब झाले, वर्षभराने हवालदारांचा फोन आला की समरी, म्हणजे चार्जशीट न करता तपास बंद करायचा पोलिसांचा अहवाल, गेली कोर्टात, आता यायची गरज नाही. याला वाटलं संपलं. मग स्थळ आलं, पसंती झाली, आणि सुपारी फुटायच्या आधी मुलीच्या मामांनी पोलिसांच्या साईटवरून एफआयआर काढून व्हॉट्सअपवर पाठवली. स्थळ गेलं.

माझ्याकडे आला तेव्हा सोबत आई होती, तीच बोलत होती, "ताई, याने काही केलं नाही हो", आणि हा हेल्मेट मांडीवर घेऊन गप्प. मग मोबाईल काढून तीच पीडीएफ झूम करून माझ्यासमोर धरली. सातवा रकाना, माहीत असलेले, संशयित, अनोळखी असे सगळे आरोपी त्या एकाच रकान्यात, आणि तिथे याचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता. रात्री दोन-अडीचला उठून ती साईट उघडायचा, नाव निघालं असेल म्हणून. मित्रांचे ग्रुप सोडले होते, आईला रामकुंडावर घेऊन जायचा तर स्वतः गाडीवरच बसून राहायचा.

मी विचारलं, समरी कुठली झाली? माहीत नाही. कागद आहे का हातात? नाही. म्हणजे दोन वर्षं हा मुलगा अशा गोष्टीला घाबरत होता जी त्याने वाचलेलीच नव्हती, आणि यात त्याची चूक नाही, कारण समरी कोर्टात गेल्यावर नोटीस फिर्यादीला जाते, ज्याचं नाव संशयित म्हणून आलं त्याला बोलावून कोणी सांगत नाही.

मला यातलं सगळ्यात जास्त जे टोचतं ते सांगते. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं की एफआयआर २४ तासांत साईटवर टाका, लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं सोडून. ते आरोपीच्या भल्यासाठीच होतं, आपल्यावर काय लिहिलंय ते त्याला लगेच कळावं म्हणून. पण २०२३ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की चार्जशीट तशी सगळ्यांसाठी साईटवर टाकता येणार नाही, तो सार्वजनिक दस्तऐवज नाही. दोन्हीची कारणं मला पटतात, तरी होतं काय की आरोप कोणालाही दिसतो आणि तपासाचा शेवट कोणालाच दिसत नाही. एफआयआर म्हणजे नुसती पहिली खबर, कोणीतरी येऊन सांगितलेली, पण मामांना ते कोण समजावणार!

म्हणून मी त्याला साईट बघू नको असं म्हटलंच नाही, ते ऐकलं नसतं त्याने. म्हटलं, शेवटाचा कागद तू आण. वकिलांना घेऊन सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात नकलेचा अर्ज दिला, बऱ्याच चकरा झाल्या, मग सर्टिफाईड कॉपी मिळाली. सी समरी, कोर्टाने मंजूर केलेली. अ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ब म्हणजे फिर्यादच खोटी, आणि क, ज्याला सगळे सी म्हणतात, ती म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. त्याला ब हवी होती, खोटी ठरायला हवी होती. त्या दिवशी तो खूप रडला, आणि मी रडू दिलं, कारण निर्दोष असं लिहिलेला कागद त्याला कधीच मिळणार नाही (खटलाच चालला नाही तर निर्दोष कोण लिहिणार), हे दुःख खरंच आहे.

त्याची दुसरी भीती अशी की कोणीही माहिती अधिकारात जबाबांसकट अख्खी फाईल काढेल. तसं सरसकट होत नाही. कलम ११ प्रमाणे माहिती अधिकाऱ्याला ज्याची माहिती आहे त्याला ५ दिवसांत नोटीस द्यावी लागते, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात, शिवाय वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) आहेच.

पुढची चार-पाच सेशन्स आम्ही एकच गोष्ट केली, ही हकिकत दोन मिनिटांत, मान वर ठेवून सांगायची. नोकरीच्या फॉर्मवर गुन्हा दाखल होता का असं विचारलं तर हो लिहायचं आणि कॉपी जोडायची, लपवलेलं निघालं की तेच अंगाशी येतं. आणि स्थळाला पत्रिकेबरोबरच सांगायचं, मामांनी शोधायच्या आधी. आईला हे अजिबात पटत नव्हतं, ती म्हणे आपणच कशाला वाजवायचं. तिची समजूत काढायला मला मुलापेक्षा जास्त वेळ लागला.

सातपूरला नवी नोकरी लागली, फॉर्मवर त्याने हो लिहिलं होतं. दोन स्थळांना आधीच सांगितलं, एकाने नकार दिला, दुसऱ्या मुलीच्या वडिलांनी कॉपी दोनदा वाचून विचारलं, पगार किती. परवा फोनवर विचारलं, साईट अजून उघडतोस का? म्हणाला, "रविवारी एकदा, मॅडम."