वाचक विचारतात : मोटर उचलत नाही

प्रश्न : विहिरीवर दीड एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) आहे. विजेच्या मीटरपासून १५० मीटर, २.५ स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम केबल. बटण दाबलं की मोटर नुसती घूं घूं करते. मोटरच्या टोकाला मल्टीमीटर २३० दाखवतो. मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर नवा टाकला, तरी तेच. मोटर गेली का?

उत्तर : वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळलं आहे का, पंप जाम आहे का ते बघाच, पण पहिला संशय केबलवर. ते २३० मोटर बंद असताना मोजलेले दिसतात. करंट नसेल तर तार कितीही बारीक असो, टोकाला व्होल्टेज पूर्णच दिसतं.

ॲल्युमिनियमची रोधकता धरा ०.०२८, म्हणजे १ मीटर लांब, १ स्क्वेअर एमएम तारेचा रोध (करंटला होणारा अडथळा) ०.०२८ ओहम. लांबीने गुणा, छेदाच्या क्षेत्रफळाने (स्क्वेअर एमएमने) भागा : ०.०२८ × १५० ÷ २.५ = १.६८. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून ३.३६ ओहम. (हे दुप्पट करायचं भलेभले विसरतात.) चालू मोटर ९ अँपिअर घेत असेल तर ३० व्होल्ट वाटेतच गेले. सुरू होताना ती चार-पाच पट करंट ओढू पाहते. व्होल्टेज पडल्याने तेवढा मिळत नाही, तरी टोकाला जेमतेम दीडशे उरतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणून तो निम्म्याच्याही खाली येतो.

खात्री करायची तर एकाने बटण दाबावं, दुसऱ्याने मोटरच्या टोकाला मोजावं. दोन-तीन सेकंदच, अडकलेली मोटर पटकन जळते. मग तसंच मीटरपाशी. तिथेही व्होल्टेज कोसळलं तर दोष केबलचा नाही, मागच्या लाइनचा.

केबल ६ स्क्वेअर एमएम तांब्याची किंवा १० ची ॲल्युमिनियमची टाका. दोन्हींत चालू मोटरला साधारण पावणेआठ व्होल्टच पडतात. तांबं-ॲल्युमिनियम नुसतं पिळून जोडू नका. तो जोड गंजतो, तापतो. बायमेटल लग (दोन्ही धातूंचं जोडटोक) प्रेस करून घ्या.

प्रश्न : तार ओढून दुप्पट लांब केली तर रोधकता दुप्पट होते का?

उत्तर : नाही. रोधकता धातूची, ती तीच राहते. लांबी दुप्पट, छेदाचं क्षेत्रफळ निम्मं, म्हणून रोध चौपट.