वाचक विचारतात : सीझरच्या लॅटिनमधले लष्करी शब्द

प्रश्न : सीझरचे गॅलिक युद्धावरचे (गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स व आसपासचा प्रदेश, इथल्या मोहिमांवरचे) लेखन मूळ लॅटिनमधून वाचायला घेतले आहे. व्याकरण एकदा झाले आहे, शाळेत संस्कृतही होते. तरी ओळीओळीला कोश उघडतो आणि लढाईची वाक्ये लागतच नाहीत. शब्द कसे पाठ करावेत?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : सुटे शब्द पाठ करू नका. नाम आणि क्रियापद जोडीने वहीत लिहा. ‘सिग्नुम’ म्हणजे खूण किंवा निशाण, एवढ्यावर वाक्य लागत नाही. ‘सिग्ना फेर्रे’ म्हणजे कूच करणे, ‘सिग्ना इन्फेर्रे’ शत्रूवर चाल करून जाणे, ‘सिग्ना कोन्वेर्तेरे’ तोंड फिरवणे. कारण निशाण जिकडे, तुकडी तिकडे. ‘कास्त्रा’चेही तसेच. ‘पोनेरे’ लागले की तळ ठोकणे, ‘मोवेरे’ तळ हलवणे, ‘मुनिरे’ तटबंदी करणे. रूप अनेकवचनी असले तरी तळ एकच. दोन तळ असतील तर ‘दुओ’ चालत नाही, ‘बिना कास्त्रा’ म्हणतात.

चालते सैन्य ‘आग्मेन’, लढाईला उभे राहिलेले ‘आकिएस’. इथे हमखास चूक होते ती ‘नोविस्सिमुम आग्मेन’ची. ‘नोवुस’ म्हणजे नवा, म्हणून ताज्या दमाची तुकडी असा अर्थ काढला जातो. ती खरे तर पिछाडी. हे चुकले की हल्ला कुठे झाला तेच कळत नाही. ‘लातेरे आपेर्तो’, म्हणजे उघड्या बाजूने, हा शब्दप्रयोग दिसला की उजवी बाजू समजा. ढाल डाव्या हातात असे.

तुमचे संस्कृत इथे फार उपयोगी पडेल. ‘कास्त्रिस पोसितिस’ (तळ ठोकल्यावर) ही रचना सति सप्तमीसारखी, फक्त विभक्ती पंचमीची. ‘पुग्नातुम एस्त’ (लढाई झाली) हा सरळ भावे प्रयोग, त्यात कर्ता शोधत बसू नका. सीझरच्या याच लेखनातल्या दुसऱ्या पुस्तकातले 19 ते 27 हे परिच्छेद आधी घ्या. इ.स.पू. 57 मध्ये साबिस नदीकाठी तळ बांधणे चालू असतानाच नेर्वी जमातीचे लोक तुटून पडले, त्या लढाईचे हे वर्णन. विसाव्या परिच्छेदात सीझरने एकाच वेळी काय काय करायचे होते याची ओळ लागते, आणि ती सगळी रूपे ‘कर्तव्य’, ‘करणीय’ यांच्या जातीची आहेत. हा एक परिच्छेद पक्का केलात तर पुढचे बरेच सोपे होते.

वेळेसाठी ‘विगिलिया’ : रात्रीचे चार पहारे, तिसरा मध्यरात्री सुरू. रात्र लहानमोठी होते तसा पहाराही.

अंतरासाठी ‘मिल्ले पास्सुस’, म्हणजे रोमन मैल, सुमारे 1.48 किलोमीटर. बोरीबंदर ते ठाणे हे 34 किलोमीटर म्हणजे जवळपास 23 रोमन मैल. युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक वेगेतियुस उन्हाळ्यातल्या पाच तासांत नेहमीच्या लष्करी चालीने 20 आणि जलद चालीने 24 मैल सांगतो. रोमन तास दिवसमानाचा बारावा भाग, त्यामुळे उन्हाळ्यात तो आपल्या तासापेक्षा मोठा असे. मात्र वेगेतियुस सीझरनंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहितो. त्याच्या लीजनमधली (रोमन सैन्याच्या मुख्य विभागातली) पहिली कोहोर्त (तुकडी) इतरांच्या दुप्पट आहे. ते आकडे सीझरच्या पानांवर लावू नका.